अंधारात ठेवलेले निरोप

१९८४ च्या फेब्रुवारीत शैला कापगते भिलाईतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत जुन्या काचेच्या थाळ्या धुवायला काढत होती, तेव्हा एका थाळीत तिला पिवळा ठिपका दिसला.

थाळी तीन आठवडे काळ्या कागदात गुंडाळून कपाटात पडली होती. रिसालीच्या तलावातून आणलेल्या पाण्यातून शैलानं एक शैवाल वेगळं काढून वाढवलं होतं. एकाच पेशीचं, दोन बारीक शेपट्यांनी पोहणारं, सुईच्या टोकावर शेकड्यानं बसेल एवढं. हे शैवाल अंधारातही हिरवंच राहतं. थाळीतले बाकीचे दीड-दोनशे ठिपके तसे हिरवे होतेच. हा एकटाच हळदीचा डाग पडावा तसा. दुसऱ्या कुणी बुरशी समजून थाळी नळाखाली धरली असती. शैलानं ठिपक्याभोवती शाईनं गोल केला, थाळी खिडकीत ठेवली आणि डबा उघडून जेवायला बसली. दुपारी चारला पाहिलं तर ठिपक्याची कड हिरवी झाली होती. दुसऱ्या दिवशी तो बाकीच्यांत असा मिसळला की शाईचा गोल नसता तर सापडलाच नसता.

विभागप्रमुख वसुंधरा देशकर या तिच्या मार्गदर्शक. त्यांनी सूक्ष्मदर्शकात बराच वेळ पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग म्हणाल्या की पीएच.डी.चा विषय आजपासून बदलला.

हिरव्या पेशीत हरितलवक नावाचा भाग असतो. सूर्याच्या उजेडावर अन्न तयार होतं ते तिथे. शैलाच्या या पिवळ्या वाणात ते अंधारात अर्धवट, रिकामं पडून राहायचं, आणि उजेड लागला की काही तासांत स्वतःला उभारून घ्यायचं. त्यासाठी लागणारी काही प्रथिनं पेशी त्याला बाहेरून पुरवते, काही ते आपल्या आतच बनवतं. उजेड लागल्याशिवाय ती आतली प्रथिनं बनत नाहीत, हे उघड होतं. उजेड नेमकं काय करतो, हे कुणी सांगू शकत नव्हतं.

शैलाचे वडील तेजराम पोलाद कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये फिटर होते. साकोलीकडची धानाची शेती भावाच्या हवाली करून बासष्ट साली भिलाईला आले, तेव्हापासून खुर्सीपारच्या क्वार्टरात. शाळा सातवीपर्यंत झालेली. पण ड्रॉइंग हातात आलं की त्यातली चूक ते इंजिनियरच्या आधी पकडायचे. ड्यूटीवरून आले, सायकल लावली, हातपाय धुतले की ते शैलाला विचारायचे, आज काय केलं. मग ती त्यांना त्यांच्याच शॉपच्या भाषेत सांगायची. पेशीच्या मधोमध मोठं ड्रॉइंग ऑफिस असतं. हरितलवकाचं स्वतःचं लहानसं ड्रॉइंग ऑफिस वेगळं. मूळ नकाशा ऑफिसाबाहेर जात नाही. त्याची प्रत निघते, आणि प्रत पाहून मशीन माल बनवतं. त्या प्रतीला पुस्तकात भलं मोठं नाव होतं. घरी शैला तिला निरोप म्हणायची.

प्रश्न एवढाच होता. उजेड लागल्यावर लहान ऑफिस नवे निरोप काढायला बसतं, की निरोप अंधारातच निघून मशीनपाशी पडलेले असतात आणि उजेड फक्त मशीन चालू करतो?

तेजरामांनी चहा पिता पिता सांगून टाकलं की निरोप पहिलेच येऊन पडलेले असतील, त्यांच्या शॉपात तरी तसंच होतं. शैला हसली. तिलाही तसंच वाटत होतं. पण वाटण्याचा प्रबंध होत नाही.

ते सिद्ध करायला दोन औषधं लागणार होती, आणि दोन्ही सुपेल्याच्या मेडिकल स्टोअरमध्ये मिळत होती. एक टायफॉइडची कॅप्सूल. ती हरितलवकातलं प्रथिन बनवणारं मशीनच बंद पाडते. दुसरी टीबीची. ती या वाणात लहान ड्रॉइंग ऑफिस बंद करते, मशीनला हात लावत नाही. टीबीचं औषध दिल्यावरही उजेडात प्रथिन बनलं, तर निरोप आधीच हजर होते असं म्हणता येईल.

शैला महिन्याला दोन-तीनदा या कॅप्सूल घेऊन येऊ लागली. दुकानदारानं एकदा विचारलं की घरात पेशंट कोण आहे. तिनं सांगितलं की शैवाल. त्याला ते मुलीचं नाव वाटलं. पंधरा दिवसांत खुर्सीपारच्या अर्ध्या ब्लॉकात पसरलं की तेजरामच्या घरी टीबी आहे, आणि वर टायफॉइडही. तुमसरहून शैलासाठी एक स्थळ येणार होतं. त्यांनी पत्रानं कळवलं की यंदा मुलाचं करायचं नाही. शैलाची आई भागीरथा दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं शैलाला विचारलं, "हे सोडून दुसरं काई शिकता येत नाही का तुले?"

शैलानं सांगितलं की येतं, पण हे सोडवत नाही. भागीरथेनं भाकरी थापता थापता ते ऐकून घेतलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

दुसरी अडचण अशी की टीबीच्या औषधानं पाणी शेंदरी होतं. पिवळ्याचं हिरवं झालं की नाही, हे डोळ्यांनी कळायचा मार्गच बंद. आणि वसुंधराबाईंनी आधीच बजावलं होतं की रंगावर जायचं नाही, रंग बाहेरून आलेल्या प्रथिनांवरही चढतो, प्रथिनंच पाहायची. त्यासाठी पेशी फोडून, आतली प्रथिनं जेलीच्या पातळ पाटीत ठेवून, विजेच्या दाबानं पुढे ओढावी लागतात. लहान प्रथिनं लवकर पळतात, मोठी मागे राहतात. मग पाटी निळ्या रंगात बुडवून धुतली की ज्याच्या त्याच्या जागी निळ्या पट्ट्या उमटतात. कॉलेजात यातलं काहीच नव्हतं. तेजरामांनी एका दुकानाच्या उतरवलेल्या पाटीचं पारदर्शक प्लास्टिक मिळवलं, खुर्सीपारच्या देवीदास मिस्त्रीच्या वर्कशॉपात तीन रविवार बसून ते कापलं, घासलं आणि जेलीची पाटी चालवायची टाकी जोडली. पहिली टाकी गळली. दुसरी गळली नाही. वसुंधराबाईंनी ती विभागाच्या टेबलावर मधोमध ठेवली आणि तिच्यावर शैलाच्या हातून पांढऱ्या रंगानं "तेजराम" असं लिहून घेतलं.

तीन वर्षांत शैलानं त्या टाकीत दोनशेच्या वर पाट्या चालवल्या. हरितलवकाच्या आत बनणाऱ्या एका प्रथिनाची मोठी पट्टी ती शोधायची. पिवळ्या पेशीत ती नसायची. सहा तास उजेड दिल्यावर ठळक दिसायची. टायफॉइडचं औषध दिलं की पट्टी गायब. टीबीचं औषध उजेडाच्या एक तास आधी दिलं तरी पट्टी जागच्या जागी. निरोप अंधारात तयारच होते. सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर तिनं प्रबंध रायपूरला विद्यापीठात जमा केला.

जानेवारीत बाहेरच्या परीक्षकांचा अहवाल आला. डॉ. विजयकुमार हे या विषयातलं मोठं नाव. त्यांनी चार पानं लिहिली होती आणि त्यातली साडेतीन स्तुतीची होती. उरलेल्या अर्ध्या पानानं सगळं काम खाली आणलं. त्यांचं म्हणणं असं की टीबीचं औषध पेशीच्या आत पोचलं याला पुरावा काय? ते बाहेरच राहिलं असेल, तर ऑफिस बंदच झालं नाही, नवे निरोप निघत राहिले आणि म्हणून पट्टी आली. पाचव्या प्रकरणाचा निष्कर्ष मान्य करता येत नाही. सहा महिन्यांत पुरावा द्यावा, नाहीतर निष्कर्ष काढून टाकावा.

वसुंधराबाईंनी तिला समजावलं की निष्कर्ष काढून टाकला तरी पदवी मिळेल. शैलानं मान हलवली आणि घरी आली. परीक्षकाचा राग यावा, तर तोही येईना. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. औषध आत जातं, हे तिनं गृहीत धरलं होतं, दाखवलं नव्हतं.

आठ दिवस ती घरात नुसती वावरत होती. तेजराम रोजच्यासारखं विचारायचे आणि ती काही नाही म्हणायची. शेवटी एका रविवारी ते अंगणात तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"मले समजन असं सांग," ते म्हणाले. "त्या साहेबाले नेमकं काय पायजे?"

"ते म्हणतात, ड्रॉइंग ऑफिस बंद झालंच नाही. नवीन निरोप येत राहिले, म्हणून माल निघाला."

"तू ऑफिस कवा बंद केलं होतं?"

"उजेडाच्या एक तास आधी."

तेजराम पुढे वाकले. "एक तास कायले? एक दिवस पयले बंद कर ना."

"त्यानं काय होईल?"

"आमच्या शॉपात ड्रॉइंगची प्रत किती दिवस टिकते, मालूम हाय तुले? तेलाचे हात लागते. घडीवर फाटते. आठ दिवसांत आकडा दिसत नाही, मंग ऑफिसातून नवीन मांगा लागते. आता समज, ऑफिस बंद झालं. आज मले फरक पडत नाही, जुनी प्रत हाय. पण आठ-दहा दिवसांनी लेथ चालू असून मी हात बांधून बसन. आणि नाहीच बसलो, तं समजून घे का ऑफिस चालू होतं."

शैलानं ते आपल्या पेशींना लावून पाहिलं. हरितलवकातले निरोपही झिजतात, तुटतात. कायमचं टिकत नाही त्यातलं काही. औषध खरंच आत जात असेल, तर बराच वेळ आधी दिल्यावर अंधारातले जुने निरोप संपून जायला हवेत, आणि मग कितीही उजेड दिला तरी पट्टी यायला नको. एक तास आधी दिलं तर पट्टी. वीस तास आधी दिलं तर नाही. त्या एका फरकात औषध आत गेल्याचाही पुरावा होता आणि निरोप आधीपासून असल्याचाही. चार वर्षं ती याच्या शेजारून जात होती.

"बाबूजी," ती म्हणाली, "हे मला सुचायला पाहिजे होतं."

"तुले सुचलंच असतं," तेजराम म्हणाले. "मी तं रोजचंच सांगून राहिलो."

पहिला प्रयोग फसला. वीस तास आधी औषध दिलेल्या पेशींतही पट्टी आली, आणि चांगली ठळक आली. शैला पाटी हातात धरून प्रयोगशाळेत उभी राहिली. परीक्षक बरोबर होते असं म्हणण्याची वेळ आली होती. मग तिचं लक्ष फ्लास्ककडे गेलं. शेंदरी पाणी तपकिरी पडलं होतं. टीबीचं औषध पाण्यात विरघळलं की हळूहळू निकामी होतं, आणि भिलाईच्या एप्रिलात तर लवकर. ऑफिस बंद झालं होतं, पण मधेच पुन्हा उघडलं होतं. म्हणजे ताजं औषध दर पाच तासांनी घालायला हवं, तेही काळोखात, उजेडाचा एक किरणही न लागू देता.

उन्हाळ्यात कॉलेज दुपारी एकला बंद व्हायचं. शैलानं फ्लास्क घरी आणले आणि लोखंडी पेटीत, काळ्या कापडाखाली ठेवले. कापडाला दोन बाह्या शिवल्या होत्या. त्यातून हात घालायचे आणि आत सगळं बोटांच्या अंदाजानं करायचं. ती कॉलेजात असेल तेव्हा हे कोण करणार, हा प्रश्न होता. भागीरथा पदर खोचून पुढे आली. तिनं साध्या पाण्यावर दोन दिवस सराव केला. सुईशिवायच्या सिरिंजवर बोटाला लागेल अशी खाच शैलानं पाडून दिली होती, तेवढंच औषध मोजून, कोणता फ्लास्क कुठे ते चाचपून, थेंब न सांडता.

शेजारच्या राधाबाईंनी दारातून विचारलं की पेटीत हात घालून काय करून राहिली. भागीरथेनं मान वर न करता सांगितलं, "टीबीच्या पेशंटले टायमावर औषध देऊन राहिली."

मे महिन्यात शैलानं निर्णायक पाटी चालवली. यात तिनं नुसता एक तास आणि वीस तास ठेवले नव्हते. औषध एक तास, पाच तास, दहा तास, पंधरा तास, वीस तास आधी दिलेल्या पेशी तिनं एकाशेजारी एक लावल्या. शेवटी आणखी एक नमुना होता. वीस तास औषधात ठेवलेल्या काही पेशी धुऊन, औषध काढून टाकून, मग उजेडात ठेवलेल्या. वीस तासांनी पेशी मेल्याच असतील, असं कुणी म्हटलं तर त्याला ते उत्तर होतं.

पाटीवरचा निळा रंग उतरायला अख्खी सकाळ लागते. शैला पाणी बदलत होती आणि वसुंधराबाई तास सोडून येऊन बसल्या होत्या. अकराच्या सुमारास पट्ट्या दिसू लागल्या. एक तास, ठळक. पाच तास, जवळजवळ तेवढीच. दहा तास, फिकट. पंधरा तास, काचेवर नखाचा ओरखडा असावा एवढी. वीस तास, काही नाही. आणि धुतलेल्या पेशींच्या जागी ती पट्टी पुन्हा होती, स्वच्छ, जिथल्या तिथे.

वसुंधराबाईंनी पाटी उचलून खिडकीकडे धरली. त्या एरवी कधी आवाज चढवत नसत. आताही चढवला नाही. "शैला," त्या म्हणाल्या, "हे आता कुणालाही पुसता येणार नाही."

तो प्रयोग तिनं आणखी तीनदा केला. तिन्ही वेळा पट्टी तशीच पायरी-पायरीनं उतरत गेली.

ऑगस्टमध्ये रायपूरला मौखिक परीक्षा झाली. ती सगळ्यांसाठी खुली होती, म्हणून तेजरामांनी सुट्टी टाकली आणि इस्त्रीचा बुशशर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले. डॉ. विजयकुमार उंच, पांढऱ्या केसांचे, कमी बोलणारे निघाले. त्यांनी सेलोफेनमध्ये वाळवलेल्या चारही पाट्या मागवून घेतल्या, खिडकीशी गेले आणि एकेक उजेडात धरून पाहू लागले. परत येऊन त्यांनी विचारलं की वीस तासांनी पेशी जिवंत होत्या का. शैलानं धुतलेल्या पेशींची पट्टी दाखवली. ते म्हणाले की थोड्या पेशी जगल्या तरी पट्टी येईल. बाकीच्या मेल्या नसतील कशावरून?

शैलानं पिशवीतून काळ्या कागदात गुंडाळलेली नळी काढली. वीस तास औषधात राहिलेल्या पेशी तिनं सोबत आणल्या होत्या. एक थेंब काचपट्टीवर घेऊन तिनं टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि बाजूला झाली. डॉ. विजयकुमार वाकले. पिवळ्या पेशी दोन-दोन शेपट्या मारत सगळ्या क्षेत्रभर धावत होत्या, एकमेकींना धडकत होत्या, वळून पुन्हा सुटत होत्या. ते वाकलेलेच राहिले. किती मोजल्या कोण जाणे. सरळ झाले तेव्हा हसत होते.

मग त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की अहवालातलं ते अर्धं पान ते मागे घेत आहेत, आणि हा निष्कर्ष प्रबंधात तर राहावाच, पण स्वतंत्र लेख म्हणून लगेच छापायला पाठवावा. शिफारस ते स्वतः करतील.

बसण्याआधी त्यांनी आणखी एक विचारलं. "ये एक दिन पहले वाली बात किसने सोची?"

"मेरे पिताजी ने, सर," शैला म्हणाली. "वो मशीन शॉप में फिटर हैं। पीछे बैठे हैं।"

सगळ्या माना वळल्या. तेजराम उभे राहिले, कारण साहेबानं पाहिलं की उभं राहायचं ही सवय. पण डॉ. विजयकुमारही उभेच होते. ते रांगांमधून चालत मागे गेले, त्यांनी तेजरामांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि त्यांना पुढे आणून आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. टाळ्या आधी वसुंधराबाईंनी सुरू केल्या, मग खोलीभर झाल्या. तेजराम ताठ बसून होते. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही, तसंच राहू दिलं.

संध्याकाळच्या आधीच शैला आणि तेजराम रायपूर स्टेशनवर आले. वसुंधराबाई बहिणीकडे थांबणार होत्या. फलाटावरच्या बाकावर बसून बापलेकींनी कागदातली गरम भजी खाल्ली. तेजरामांनी विचारलं की आता पुढे काय शोधणार.

शैला म्हणाली की आता खरी गंमत आहे. निरोप पडलेले असतात, मशीनही असतं, तरी अंधारात काम सुरू होत नाही. म्हणजे मशीनला कुणीतरी थांबवून ठेवलेलं आहे, आणि उजेड येऊन त्यालाच हटवतो. तो कोण?

तेजरामांनी भजीचा कागद घडी करून बाजूला ठेवला. थांबवणारा एकच असेल का जास्त, त्यांनी विचारलं. तो मशीनला धरतो का निरोपाला? शैलानं बाकावरच बोटानं आकृती काढायला घेतली. तेजराम मधे थांबवून विचारत होते, ती पुसून पुन्हा काढत होती. भिलाईवरून दुर्गकडे जाणारी गाडी आली, डब्यांची दारं वाजली, माणसं चढली-उतरली, आणि गाडी सुटून गेली. ती आपलीच होती हे पाहायला दोघांपैकी कुणी मान वर केली नाही.